सायकल, घाम आणि मोरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना विचारले, "कशावर बोलू?" ते म्हणाले, "कामगार चळवळीविषयी काहीही बोला." मी म्हटले, "मग घामावर बोलतो." त्यांना वाटले की, मी अलंकारिक बोलतो आहे. युनियनचा माणूस घामावर बोलणार म्हणजे घामाचे दाम, घामाचे मोती असेच काहीतरी असणार! पण तसे नाही. मी खऱ्याखुऱ्या घामाविषयी बोलणार आहे. काखेतल्या, पाठीवरच्या, सदऱ्याला चिकटणाऱ्या. सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाने कामाच्या जागी स्वच्छ आणि ताजेतवाने कसे राहावे, एवढाच माझा विषय आहे.

विषय लहान आहे, हे मला कबूल आहे. या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, राज्यघटना ऐकता. त्यांच्या पंगतीला काख आणून बसवणे थोडे धाडसाचेच. परंतु माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. त्या शिक्षणाने मला एक गोष्ट शिकवली. ज्या विषयाला लोक 'क्षुल्लक' म्हणून हसतात, त्याच्या पोटात पुष्कळदा कोणाचा तरी अपमान लपलेला असतो. या विषयाच्या पोटातही तो आहे. त्याकडे मी येईनच.

मी अठराव्या वर्षी, म्हणजे १९८८ साली, भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. घर विश्रांतवाडीला. दिघीच्या रस्त्याने रोज सायकलने जायचे आणि यायचे. त्या काळी पहिल्या पाळीच्या सुमारास तो रस्ता सायकलींनी भरून वाहत असे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते उगीच नव्हे. आता त्या रस्त्यावर मोटारी आणि मोटारसायकली वाहतात, आणि सायकल म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचा रविवारचा व्यायाम, अशी समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची आहे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना, 'कामावर कसे जाता?' असा प्रश्न विचारला होता. त्यांतले सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. पहाटे सोसायटीच्या फाटकावर पाळी बदलणारा रखवालदार पाहा, बागेचा माळी पाहा, बांधकामावरचा गवंडी पाहा. त्यांची सायकल भिंतीला टेकवलेली असते; आपल्याला ती दिसत नाही, इतकेच. त्यांच्याबरोबर आता कचेरीत काम करणारी काही तरुण मंडळीही पेट्रोलच्या भावामुळे म्हणा, प्रकृतीसाठी म्हणा, हवेच्या काळजीने म्हणा, पुन्हा सायकलकडे वळत आहेत. त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "घामाचे काय करायचे?"

तर प्रथम घाम म्हणजे काय ते पाहू.

आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. सायकल मारताना शरीरात जी शक्ती खर्च होते, तिचा साधारण चौथा हिस्सा पॅडलला लागतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर माणूस तापाने फणफणेल. म्हणून शरीर त्वचेवर पाणी सोडते. ते पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. आपल्या घरातला माठ ज्या नियमाने पाणी गार करतो, त्याच नियमाने आपण गार होतो. पाझरणाऱ्या माठाला कोणी घाणेरडा म्हणत नाही. माणसाला मात्र म्हणतात.

आणि गंमत अशी की, ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. अंगभर येणारा घाम म्हणजे पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर काम करू लागतात आणि त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात. तेथे राहणारे सूक्ष्म जंतू हे खाद्य खातात, आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात त्यांचा वास येतो. म्हणजे वास घामाचा नसतो. घाम अंगावर आणि कपड्यावर किती वेळ राहिला, त्या वेळेचा असतो. हे एक सूत्र लक्षात ठेवा. माझे पुढचे सगळे बोलणे त्यावरच उभे आहे. सकाळी साडेसहाला घाम आला आणि पावणेसातला पुसून निघाला, तर वासाला जागा नाही. तोच घाम दुपारपर्यंत सदऱ्यात मुरला, तर वास येणारच. मग तो माणूस हेल्पर असो की मॅनेजर.

आता उपाय सांगतो. यातले काही मी वाचून शिकलो, पुष्कळसे चुकून शिकलो.

पहिला उपाय निघण्यापूर्वीचा. अंघोळ घरूनच करून निघावे. काही जण म्हणतात, पुढे घाम येणारच आहे, मग आधी अंघोळ कशाला? अंघोळीने घाम थांबत नाही, पण रात्रीचे जंतू आणि त्यांचे खाद्य धुऊन जाते. त्यामुळे नव्या घामाला वास धरायला उशीर लागतो. काखा साबणाने नीट धुवाव्यात. अंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवावा. आपल्या न्हाव्याच्या पेटीतला हा खडा फार गुणी आहे. तुरटीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो आणि तो जंतूंची वाढ रोखतो. महागड्या डबीतून घाम रोखण्यासाठी जे विकतात, त्यातही पुष्कळदा ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. खडा काही रुपयांत येतो आणि कित्येक महिने पुरतो. मात्र ताजी दाढी केलेल्या किंवा कातरलेल्या जागी झोंबतो, तेव्हा बेताने.

दुसरा उपाय वेगाचा. आपण घरून दहा मिनिटे उशिरा निघतो आणि ती दहा मिनिटे रस्त्यावर वसूल करायला बघतो. तेथेच घाम येतो. वाऱ्याला कापत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगापेक्षा फार झपाट्याने वाढते. ताशी २० किलोमीटरऐवजी १५ किलोमीटर वेग ठेवला, तर वाऱ्यासाठी लागणारी शक्ती निम्म्याहून कमी होते. नऊ किलोमीटरांच्या वाटेला २७ मिनिटांऐवजी ३६ मिनिटे लागतील. ही नऊ मिनिटे घरी घड्याळाकडे बघून काढा, म्हणजे मोरीत काढावी लागणार नाहीत. चढ आला तर उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. आणि शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम सावकाश जावे. त्याचे कारण आहे. सायकल चालू असताना वारा लागतो आणि घाम वाळत जातो. सायकल थांबली की वारा थांबतो. आतली भट्टी मात्र अजून पेटलेलीच असते. म्हणून माणूस रस्त्यावर कोरडा असतो आणि फाटकात शिरल्यावर चिंब होतो. आल्याआल्या तोंड धुऊन कपडे बदलले, तर नवा सदराही भिजतो. आधी पाच-सात मिनिटे सावलीत उभे राहावे, थोडे पाणी प्यावे, श्वास खाली बसू द्यावा, आणि मग अंग पुसावे.

तिसरा उपाय कपड्यांचा. सायकलवरचे कपडे वेगळे आणि कामाचे वेगळे, हा नियम पाळावा. २०१४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ माणसांना तासभर व्यायामाची सायकल मारायला लावली आणि नंतर त्यांचे सदरे तपासले. सुती सदऱ्यांपेक्षा पॉलिएस्टरच्या सदऱ्यांना अधिक उग्र वास येत होता; वास करणाऱ्या काही जंतूंना ते कापड मानवते. आपल्या आजोबांची सुती बंडी अडाणी नव्हती, असा याचा अर्थ. सुती कापड भिजल्यावर लवकर वाळत नाही, हा त्याचा दोष; म्हणूनच बदलायची बंडी जवळ हवी. कामाचा सदरा घडी घालून नेला की घडीवर चुरगळतो. सैल गुंडाळी करून नेला तर कमी चुरगळतो. पिशवी पाठीवर अडकवू नये. पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये हवा खेळत नाही आणि सदऱ्यावर नकाशा उमटतो. ओझे कॅरिअरवर बांधावे. डबा आणि सदरा एका पिशवीत ठेवू नयेत. हे मला आमटीने शिकवले.

चौथा उपाय पोचल्यावरचा. अंघोळीची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर एक तांब्या पाणी आणि एक पंचा पुरे. पंचा भिजवून पिळावा. आधी तोंड आणि मान, मग छाती-पाठ, मग काखा, सर्वांत शेवटी पाय, या क्रमाने अंग पुसावे. पंचा पुन्हा धुऊन, पिळून, उन्हात टाकावा. ओला पंचा कपाटात कोंबला तर दुसऱ्या दिवशी आपण अंगाला वासच फासतो. दुसऱ्याचा पंचा घेऊ नये आणि आपला देऊ नये. आमच्या खात्यात एका पंचाने सात जणांना नायटा वाटला होता. घामावर अत्तर मारू नये. त्याने एका वासाचे दोन होतात.

ऋतूप्रमाणे थोडा फेर करावा लागतो. चैत्र-वैशाखात आपली हवा कोरडी असते, घाम वाळतो आणि सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. तेव्हा पाणी जास्त प्यावे. आषाढ-श्रावणात हवा दमट. घाम वाळतच नाही आणि रेनकोटाच्या आत माणूस वाफेवर शिजतो. अशा वेळी तो पुढून किंचित उघडा ठेवावा, दोन्ही चाकांना मडगार्ड असावे, आणि मोजे-बनियन पिशवीत कोरडे ठेवावे. साखळीला चेनकव्हर नसेल तर उजव्या पायाच्या पँटला क्लिप लावावी. हाताला वंगण लागले तर रॉकेलने हात धुऊ नयेत. त्याने हात स्वच्छ दिसतात, पण कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, खाज सुटते. थोडे खोबरेल चोळावे, चिंधीने पुसावे आणि मग साबण लावावा.

मंडळी, एवढे सांगून मी खाली बसलो असतो, तर आपण म्हणाला असता, "बरा बोलला, उपयोगाचे बोलला." पण मग मी अर्धेच बोललो असे झाले असते. कारण मी सांगितलेल्या चौथ्या उपायाला काय काय लागते ते पाहा. पाण्याचा नळ लागतो. आडोसा लागतो. पंचा वाळत घालायला खुंटी लागते. आणि दहा मिनिटे लागतात. या चार वस्तू कोणालाही घरून कॅरिअरवर बांधून आणता येत नाहीत. त्या कामाच्या जागीच असाव्या लागतात. नसतील, तर माणूस कितीही नेटका असो, त्याला वास येणारच. मग लोक त्याला म्हणणार, "हे लोक असेच."

येथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे.

आमच्या कारखान्यात माझ्याहून दोन वर्षांनी मोठा एक सोबती होता. आळंदीच्या पलीकडून सायकलने यायचा. अक्षर मोत्यासारखे, हिशेब पक्का. १९९३ साली आम्ही मागणीपत्र तयार करत होतो. मी तेव्हा युनियनच्या कमिटीवर नवा होतो आणि माझ्या अंगात वारे शिरले होते. या सोबत्याने सुचवले, "गड्या, अंग धुवायला एक मोरी आणि खुंट्या मागू या." आम्ही ती नवव्या क्रमांकावर घातली. वाटाघाटींना बसलो. पगारवाढ, बोनस, महागाईभत्ता यांवर ओढाताण चालली. शेवटी व्यवस्थापनाने विचारले, "तुम्ही काय सोडता?" आणि मी, कोणाला न विचारता, नववी मागणी सोडली. वर हसून म्हणालोसुद्धा, "अंघोळ काय, आम्ही घरी करू." टेबलाच्या दोन्ही बाजूंचे लोक हसले. करार झाला. माझे कौतुक झाले.

पुढे त्या सोबत्याला त्याच्या अक्षरामुळे वरच्या कचेरीत भांडाराचा हिशेब लिहायला घेतले. पगारात शंभरावर रुपयांची भर पडली. दहा-बारा किलोमीटर सायकल मारून तो येई. खाली एकच नळ, तो पिण्याच्या पाण्याचा; तेथे अंग पुसू देत नसत. तसाच तो वर जाऊन टेबलाशी बसे. एके दिवशी सगळ्यांच्या देखत एका अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि शिपायाला सांगितले, "खिडकी उघड रे, गोठ्यात बसल्यासारखं वाटतंय." लोक हसले. त्याने काही उत्तर दिले नाही. त्या महिन्याच्या शेवटी त्याने अर्ज दिला आणि पुन्हा खाली मशीनवर आला. वाढलेला पगार गेला. मी त्याला गाठून विचारले, "अरे, असं का केलंस?" तो म्हणाला, "मशीनपाशी बरं आहे. तिथं सगळ्यांनाच तेलाचा वास येतो." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "नऊ नंबर सोडायला नको होता, गड्या."

बस, एवढेच तो बोलला. मी आजवर पुष्कळ सभांत शिव्या खाल्ल्या आहेत, त्या विसरलो. हे वाक्य विसरलो नाही. बोनस तर आम्ही पुढच्या वर्षीही मागितला असता आणि मिळवला असता. परंतु त्या दिवशी कचेरीत त्या माणसाचे जे गेले, ते कोणत्या करारात लिहून परत मिळवायचे? आणि ते घालवण्यात त्या अधिकाऱ्याइतकाच माझाही हात होता. तो रुमाल लावून हसला. मी टेबलाशी हसलो होतो.

१९९६ सालच्या मागणीपत्रात मी मोरी पहिल्या क्रमांकावर घातली. सहा नळ, दोन न्हाणीघरे, भिंतीला खुंट्या. नळांना मालकांनी फारशी हरकत घेतली नाही. खरी हरकत घेतली ती दहा मिनिटांना. "पाणी देतो, वेळ देणार नाही," असे ते म्हणाले. पाळी सुरू होताना दहा मिनिटे आणि सुटताना दहा मिनिटे, यासाठी आम्हाला अकरा बैठका घ्याव्या लागल्या. मला त्या बैठकांत कळले की, पाण्यापेक्षा वेळ महाग असतो. आणि वेळेशिवाय दिलेले पाणी म्हणजे भिंतीवरचे चित्र.

वेळेची ही मागणी आम्ही शोधून काढलेली नव्हती. आपल्या महाराष्ट्राचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. आज आपण रविवारी सकाळी सावकाश न्हातो, ते या माणसामुळे, हे किती जणांना ठाऊक असते? माणसाला माणसासारखे राहायला वेळ लागतो, ही गोष्ट लोखंड्यांनी मालकांच्या कानावर घातली.

इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींचीही अशीच कथा आहे. खाण कामगार कोळशाने माखून तसाच घरी जाई आणि त्याची बायको चुलीवर पाणी तापवून, टबात ओतून त्याला न्हाऊ घाली. घरात तीन माणसे वेगवेगळ्या पाळ्यांना जाणारी असली, तर त्या बाईच्या हातून दिवसभर गरम पाण्याची भांडी खाली पडत नसत. १९११ च्या कायद्याने खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधण्याची तरतूद केली. पण कामगारांच्या दोनतृतीयांश मतांची आणि चालू खर्चातल्या निम्म्या वाट्याची अट घातली, त्यामुळे काम फारसे पुढे सरकले नाही. पुढे १९२० साली कोळशाच्या उत्पादनावर टनामागे एक पेनी घेऊन कल्याणनिधी उभा केला, १९२६ साली खाणींच्या रॉयल्टीवरही पट्टी बसवली, तेव्हा न्हाणीघरे भराभर उभी राहिली. धूळ खाणीची, पण ती धुण्याचे काम इतकी वर्षे घरच्या बाईच्या माथी होते. आपल्याकडे वंगणाने माखलेले कपडे घरी कोण धुते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा. आपल्या देशातही कोळशाच्या खाणींसाठी न्हाणीघरांचे नियम १९५९ साली झाले.

कारखान्यांपुरते म्हणाल, तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमात धुण्याची पुरेशी आणि योग्य सोय करणे मालकावर बंधनकारक केले होते. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, आडोशाची, जवळची आणि स्वच्छ. ४३ व्या कलमात कपडे ठेवण्याची आणि ओले कपडे वाळवण्याची जागा होती. म्हणजे १९९३ साली मी जी मागणी हसत हसत सोडली, ती मागणी नव्हतीच. तो पंचेचाळीस वर्षांचा जुना कायदा होता. मी तो वाचला नव्हता. स्वतः शिकणाऱ्या माणसाचे हे दुःख असते. त्याला गोष्टी कळतात, पण कधीकधी तीन वर्षे उशिरा. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्या २४ व्या कलमात धुण्याची सोय आहे, न्हाण्याची जागा आहे, कपड्यांची कपाटे आहेत, ओले कपडे वाळवण्याची जागा आहे. कागद चांगला आहे. परंतु ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. ज्या गॅरेजात चार पोरे काम करतात, ज्या दुकानात तिघे आहेत, ज्या घरात एकटी बाई भांडी घासते, तेथे ती पोचत नाही. तेथे आपण पोचायचे आहे.

आणि आपण म्हणजे आपणच, येथे बसलेले लोक. आपल्या सोसायटीत सकाळी सायकलने येणारा रखवालदार आणि घरकामाला येणारी बाई यांना हातपाय धुवायला नळ आहे का? संडास आहे का? असला तर त्याला कुलूप नाही ना? सायकलने येणाऱ्या बाईची अडचण पुरुषाहून मोठी. पुरुष उघड्यावर नळाखाली मान घालतो. तिला दाराची कडी लागते. माझ्या ओळखीच्या कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. उन्हात सायकल मारून आलेल्या माणसाने पाणी न पिणे किती धोक्याचे, हे घामाची हकीकत ऐकल्यावर आपल्याला वेगळे सांगायला नको.

या देशात वासाचा प्रश्न साबणाने सुटण्याइतका सोपा कधीच नव्हता. आपण शेकडो वर्षे काही माणसांना पाणी नाकारले आणि मग ती माणसे अस्वच्छ आहेत म्हणून त्यांना दूर बसवले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तहान लागली म्हणून नव्हे. पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे हे सांगण्यासाठी. तळ्याचा आणि कारखान्यातल्या नळाचा प्रश्न एकच आहे, असे मी म्हणणार नाही. तो लढा फार मोठा होता. पण ज्याला धुवायला पाणी दिले नाही, त्याच्या वासाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मी त्या लढ्यातून शिकलो.

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकलींचा आराखडा मंजूर केला. सायकलींसाठी रस्ते हवेत, यात शंका नाही. परंतु रस्ता जेथे संपतो, तेथे काय आहे? फाटकाच्या आत नळ, आडोसा, खुंटी आणि दहा मिनिटे नसतील, तर माणूस दोन दिवस हौसेने सायकल चालवील आणि तिसऱ्या दिवशी कर्ज काढून मोटारसायकल घेईल. त्याला दोष देऊ नका. त्याने पेट्रोल विकत घेतलेले नसते, अपमानापासून सुटका विकत घेतलेली असते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जे सायकल चालवतात त्यांनी घरी तुरटीचा खडा आणावा, सावकाश यावे, कॅरिअरवर कोरडा सदरा बांधावा. जे दुकान, कचेरी, कारखाना चालवतात त्यांनी एक कोपरा द्यावा. त्याला संगमरवर लागत नाही. एक नळ, एक दार, चार खुंट्या. युनियनच्या तरुण मित्रांना एवढेच सांगतो की, मागणीपत्रातला नववा क्रमांक सोडण्यापूर्वी ज्याने तो सुचवला असेल त्याला एकदा विचारा.

आमची मोरी सुरू झाली, त्या दिवशी सकाळी माझा तो सोबती साबणाची वडी आणि नवा पंचा घेऊन आला होता. दहा मिनिटांची घंटा झाली तरी तो बाहेर येईना. मी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "थांब गड्या, तीन वर्षांची राहिलीये." तो पुन्हा वरच्या कचेरीत गेला नाही, मी पुष्कळ सांगून पाहिले. निवृत्त होईपर्यंत मशीनवरच राहिला. परंतु त्याच्या जागेवर पुढे जे सायकलवाले वर गेले, त्यांच्यासाठी कोणाला खिडकी उघडावी लागली नाही.